दाजी, शपथ तुम्ही पाळली होती

दाजी, आधी हुसेनचाचांचं नाव घेतो. तुमच्यावर लिहायला बसलोय आणि पहिलं नाव दुसऱ्याचंच, म्हणून तुम्ही रागावणार नाही. उलट म्हणाल, "सदा, आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी बरोबर क्रमानं लिहिलंस." विट्याचे हुसेनचाचा, कल्हईवाले. खांद्याला भाता, पिशवीत कथील आणि नवसागर, आणि विट्यापासून वडूजपर्यंत गावागावांतून त्यांची ती लांबलचक हाक. मिरजेच्या दवाखान्यात शेवटच्या दिवशी तुमच्या तोंडात चमच्यानं पाणी घालायला आक्का होती आणि चाचा होते. तुम्हाला गाडीत घालून गावी आणलं तेही त्यांनीच. मी नव्हतो.

मी इथं मदुराईत. सोनारांकडची जुनी मोड आणि दुकानातली झाडलोट आणायची, वितळवायची, तेजाबात घालून त्यातलं सोनं निराळं करायचं, हे गलाईचं काम. आपल्या खटाव-खानापूरकडची निम्मी पोरं याच कामाला देशभर पांगली आहेत, त्यातला मी एक. तार आली तेव्हा सोनं वितळवायची मूस भट्टीत होती. तार इंग्रजीत. शेजारच्या दुकानातल्या शिकलेल्या पोरानं वाचली आणि घडी करून माझ्या हातात परत दिली. त्याच्या घडी करण्यावरूनच मला कळलं. पण भट्टीतली मूस तशीच टाकून उठता येत नाही, दाजी. ती ओतली, भट्टी विझवली, हात धुतले आणि मग मागच्या अंगणात जाऊन बसलो. तार दोन दिवस उशिरा पोचली होती. तोवर तुमच्या राखेला पाणी देऊन झालं असणार.

इथल्या आपल्या गलाईवाल्यांच्या मंडळाचा वर्षाचा अंक निघतो. त्यात गेलेल्या माणसांवर एक पान असतं. मंडळी म्हणाली, तुझ्या दाजींवर लिही, जन्म, शिक्षण, नोकरी वगैरे. ते मला जमणार नाही. तुमचा जन्म कुठल्या साली झाला हे मला ठाऊकसुद्धा नाही. मला जे ठाऊक आहे ते लिहितो. अंक गावातही जातो, आणि गावात ज्यांना वाचता येतं त्यातले निम्मे तुमच्याच हाताखाली शिकलेत. म्हणून कुणीतरी शुद्धलेखनाचे गुण कापेल. कापू दे.

दाजी व्हायच्या आधी तुम्ही माझे गुरुजी. आक्काला बघायला आलात तेव्हा पोह्यांच्या बशा मीच आणून ठेवल्या. सगळे गंभीर बसलेले. मुलीला काही विचारायचं सोडून तुम्ही माझ्याकडं वळलात, "सदा, सतरा साते?" मी बशी हातात धरूनच म्हणालो, "एकशे एकोणीस." आमचे आबा वैतागले. "आवं गुरुजी, पोरगी बघाया आलाय का पोराची परीक्षा घ्याया?" तुम्ही म्हणालात, "मुलगी पसंतच आहे. ह्या पोराचं मात्र पाढ्यांचं नक्की नव्हतं." आक्का आत चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसत होती. तुमच्यामागंही ती ही गोष्ट सांगते, आणि सांगताना अजून तशीच हसते, असं तुमच्या लेकीनं पत्रात लिहिलंय.

सातवी झाल्यावर मी शाळा सोडली, त्यावरून आपलं भांडण. ते शेवटपर्यंत मिटलं नाही. तुम्ही वडूजच्या हायस्कूलचा फॉर्म आणून ठेवलेला, आणि मी मामांबरोबर गलाईला निघालो. एस. टी. सुटेपर्यंत तुम्ही खिडकीशी उभे होतात. "हात भाजतील ते बरे होतील रे, डोक्याचं काय करशील?" मी म्हणालो, "डोकं तुमीच वापरा, दाजी." चौदा वर्षांच्या पोराचं उत्तर. तुम्ही खिडकीतून हात घालून माझ्या टाळक्यात एक हाणली. तेवढ्यात गाडी हलली.

मग माझी पत्रं सुरू झाली आणि तुमची शिक्षाही. मी मदुराईहून खुशाली लिहायची, आणि तुम्ही तेच पत्र लाल शाईनं तपासून, दहापैकी गुण देऊन, आपल्या उत्तराबरोबर परत पाठवायचं. "खुशालीत सहा. हवापाण्यात चार. घरच्यांच्या चौकशीत दोन, तेही उदारपणे." दुकानातली पोरं माझ्या पत्राची वाट माझ्यापेक्षा जास्त बघायची. "सदाचा निकाल आला!" म्हणून ओरडायची. शाळा सोडलेल्या माणसाची शाळा तुम्ही आठ वर्षं टपालानं चालवलीत. हे चार कागद मी लिहू शकतोय ते त्यामुळं. त्याचे आभार मी कधी मानले नाहीत. मानले असते तर तुम्ही त्यावरही गुण दिले असतेत.

आता दारूचं. ते टाळून तुमच्यावर लिहिता येत नाही, आणि टाळलं तर तुम्हाला आवडणारही नाही.

दारू नंतरची, दाजी. त्याच्या आधी ते दुसरं होतं, ज्याला आपल्याकडं नावच नाही. मी पाचवीत असताना एखाद्या दिवशी तुम्ही फळ्यावर गणितं घालून द्यायचात आणि खिडकीकडं तोंड करून बसून राहायचात. घंटा झाली तरी उठायचं नाही. लग्नानंतर आक्कानं तेच घरात पाहिलं. दोन-दोन, तीन-तीन दिवस अंथरुणात, ना भूक ना बोलणं. गाव म्हणायचं, मास्तर लहरी हाय. एकदा तुम्हीच मला सांगितलं होतं, शाळेच्या पायरीवर बसून. "डोक्यावर कुणीतरी भिजलेली घोंगडी टाकल्यासारखं होतं रे. खाली मी असतो, पण हात वर जात नाहीत." मी विचारलं, "मग कशानं जातं ते?" तुम्ही म्हणालात, "आपोआप जातं. पण दर खेपेला थोडं उशिरा जातं."

ते लवकर घालवायला कुणीतरी पहिला पेला दिला. "घिऊन बघा गुरुजी, झोप तरी लागंल." देणारा वाईट नव्हता. आपल्या गावात तुमचं वाईट चिंतणारं कुणीच नव्हतं, तीच तर अडचण झाली. कुणाला तलाठ्याकडं अर्ज हवा, कुणाला पलटणीतल्या पोराला पत्र, कुणाला सोयरिकीचं लिहून हवं. तुम्ही कुणाकडून काही घ्यायचा नाहीत. मग माणसं संकोचून जायची, आणि मुकाट्यानं अर्धी बाटली दारामागं ठेवून जायची. अर्जाला अर्धी बाटली, अशी रीतच पडली. दुष्काळाच्या सालात खडी फोडायला गेलेल्या निम्म्या गावाचे अर्ज तुम्ही लिहिलेत. त्या साली तुम्ही किती प्यालात हे आक्काला ठाऊक आहे.

दुष्काळ सरल्यानंतरच्या वर्षी मी सुट्टीवर आलो. गाडीतून उतरून शाळेवरून येत होतो, तर शाळेच्या मागच्या भिंतीला टेकून तुम्ही झोपलेले, आणि शेजारी चौथीची पोरं ओळीत बसून पाढे म्हणत होती. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. तुम्ही उठेपर्यंत म्हणत राहायचं, एवढं त्यांना माहीत होतं. मला लाज वाटली. तुमची वाटायला हवी होती का माझी, हे मला आजही कळत नाही, पण वाटली, आणि तिच्या भरात मी सर्जेरावनानांकडं गेलो. गावातलं मोठं माणूस, त्यांचा शब्द चालतो. मी म्हणालो, "नाना, दाजींना खंडोबापुढं बेलभंडार उचलायला लावूया." हे मी म्हणालो, दाजी. नाना नव्हे, आक्का नव्हे. मी.

बेल आणि भंडारा तळहातावर घेऊन देवापुढं बोललेला शब्द आपल्याकडं मोडत नाही. मोडला तर माणूस संपला, गावाच्या दृष्टीनं आणि देवाच्याही. हे मला माहीत होतं म्हणूनच मी ते सुचवलं.

रविवारी सकाळी तुम्ही आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आलात. देवळात सगळी होती. दारामागं बाटल्या ठेवणारीसुद्धा होती, सगळ्यात पुढं. नाना म्हणाले, "गुरुजी, बोला." तुम्ही तळहातावरच्या पिवळ्या भंडाऱ्याकडं बघितलंत आणि माझ्याकडं बघून हळूच म्हणालात, "मेहुण्या, पेपर अवघड काढलास." मग मोठ्यानं बोललात. आजपासून थेंब नाही. येळकोटाची आरोळी उठली. गुरवानं तुमचं कपाळ भंडाऱ्यानं माखलं. आक्का रडत होती. मला वाटलं, झालं. एवढं सोपं होतं, इतकी वर्षं कुणाला कसं सुचलं नाही.

बुधवारी सकाळी आक्कानं हाक मारली. तुम्ही अंगणात उभे होतात. घामानं सदरा भिजलेला, हात असे थरथरत होते की तांब्या धरता येईना. रिकाम्या अंगणाकडं बघून तुम्ही हजेरी घेत होतात. एकेक नाव, आणि "हजर" ऐकायला थांबायचं. मध्येच खांद्यावरच्या घोंगडीवरच्या मुंग्या झटकायला लागायचात. घोंगडीवर एकही मुंगी नव्हती. माणसं जमली. कुजबूज सुरू झाली. "मोडली वाटतं." "भंडार उचलूनशान प्याला न्हवं का!" नाना आले, मला म्हणाले, "बघ रं सदा, तूच बघ."

मी जवळ गेलो. तुमच्या तोंडाशी नाक नेलं. आणि सगळ्यांपुढं म्हणालो, "शपथ मोडली. चोरून प्यालेत."

दाजी, वास नव्हता.

तुमच्या तोंडाला दारूचा वास नव्हता. मला तो आला नाही, हे मला तेव्हाही कळलं होतं. पण मीच शपथ घालायला लावली होती, मीच नानांकडं गेलो होतो, आणि सगळे माझ्याकडं बघत होते. न प्यालेल्या माणसाचं असं होतं हे माझ्या डोक्यातच बसेना, म्हणून नाकाला आलं नाही ते तोंडानं बोललो. तेवढ्या थरथरीत तुम्ही माझ्याकडं वळलात. डोळे क्षणभर अगदी जागेवर आले. म्हणालात, "सदा, न्हाई रं." तुम्ही माझ्याशी कधी असं गावाकडचं बोलायचा नाहीत.

जमलेल्या माणसांनी तुम्हाला देवळात नेऊन खांबाला बांधलं. धोतर पिळून त्यानंच. देवऋषीला निरोप गेला. देवाचा कोप आहे, देवच उतरवील, असं ठरलं. मी बाजूला उभा होतो. बांधायला हात लावला नाही, सोडवायलाही नाही.

हुसेनचाचांनी त्या दिवशी पिंपळाखाली भट्टी मांडली होती. गलका ऐकून ते आले, हातात चिमटा तसाच. तुमच्याकडं बघितलं, तुमच्या बोटांकडं बघितलं आणि आक्काला विचारलं, "कवा सोडली, बाई?"

"रविवारी. देवापुढं."

"एकदम? समदीच?"

"थेंब न्हाई घेतला त्यांनी, चाचा. माझ्या म्होरंच होते रातंदिस."

चाचांनी चिमटा खाली ठेवला. "नाना, मास्तरला सोडा. माझा भाऊ ह्यातनंच गेलाय. लय पिणाऱ्यानं एकदम सोडली की असं हात उडतात, भिंतीवर किडं-मुंग्या दिसत्यात. मास्तरनं शपथ मोडली न्हाई. शपथ पाळली म्हणूनशान असं झालंय."

नाना म्हणाले, "हे देवाचं काम हाय चाचा, तुमी कल्हईचं बघा."

"कल्हईचंच बघतो नाना, पर माणूस गेल्यावर भांडी कुणाची उजळू?" असं म्हणत त्यांनी गाठ सोडलीसुद्धा. कुणी अडवलं नाही. मला म्हणाले, "ए गलाईवाल्या, बघत काय बसलास? धर त्या बाजूनं." मग मी धरलं.

एस. टी.नं विटा, विट्याहून मिरज. सगळ्या वाटेत तुम्ही हजेरी घेत होतात आणि चाचा प्रत्येक नावाला "हजर गुरुजी" म्हणत होते. गाडीतली माणसं बघत होती. चाचांना त्याचं काही नव्हतं. दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन झापलं. इतक्या दिवसांची दारू अशी घरी एका दिवसात तोडायची नसते, इथं आणायचं, औषधाखाली ठेवून सोडवायची. अजून एक दिवस खांबाला राहिले असते तर गेले असते. आणि म्हणाले, "हा आजार आहे. पिण्याचाही, आणि त्याच्या आधीच्या उदासीचाही. टायफॉईडला शपथ घालता का तुम्ही?" चाचा चार दिवस तिथंच राहिले. भाता बाहेर चहावाल्याकडं ठेवलेला.

पाचव्या दिवशी तुम्ही मला ओळखलंत. मला त्याच दिवशी निघायचं होतं, शेठची तार आली होती. तुम्ही म्हणालात, "मदुराईला कसा जाणार? मार्ग सांग." मी म्हणालो, "मिरज, हुबळी, बंगलोर, पुढं मदुराई." "बरोबर. बस खाली." मी खाली बसलो. मनात एकच वाक्य होतं. ते सोडून मी तुम्हाला संत्रं सोलून दिलं आणि स्टेशनावर गेलो.

त्यानंतर दीड वर्ष तुम्ही थेंबाला शिवला नाहीत. महिन्याला एकदा मिरजेला जाऊन औषध आणायचात. गावात सांगायचं, दाताचं काम आहे. तुम्हीच पत्रात लिहिलं होतंत: "काल पारावर एकानं विचारलं, मास्तरला दात हायत तरी किती?" मिरजेत डॉक्टरांकडून सुटलात की तंबोरे करणाऱ्यांच्या दुकानापुढं बसायचात. "ज्या भोपळ्याची आपण भाजी करून खातो, त्याचं हे लोक काय करतात बघ. आपण आयुष्यभर फक्त भाजी केली." त्या पत्रानं आमचं दुकान दिवसभर हसलं होतं.

पण गावानं तुम्हाला शपथ मोडणारा ठरवलं होतं, ते ठरवलंच. देवळात गेलात की गुरव सगळ्यांच्या कपाळी भंडारा लावायचा आणि तुमच्यापाशी ताट पुढं न्यायचा. दर रविवारी तुम्ही जायचात, कोरं कपाळ घेऊन परत यायचात. आक्का म्हणायची, "नका जाऊ." तुम्ही म्हणायचात, "शाळा बंद ठेवून चालत नाही." तुम्ही कुणाला एकदाही सांगितलं नाहीत की मी प्यालो नव्हतो. सांगितलं असतंत तर लोकांनी विचारलं असतं, मग सदा खोटं बोलला काय? म्हणूनच बोलला नाहीत ना? हे मी तुम्हाला विचारायचं राहिलं.

त्या काळात तुमचं एक पत्र आलं, दोनच ओळींचं. "त्या बुधवारी तू घाबरला होतास. घाबरलेला माणूस मोठ्यानं बोलतो, त्याचं मनाला लावून घेऊ नये." माझं आधीचं पत्र त्याबरोबर परत आलं नव्हतं. गुण नव्हते. मी उत्तरात इथल्या उन्हाळ्याचं लिहिलं. चार पानं उन्हाळा.

मग घोंगडी परत आली, आणि तिच्यामागं बाटलीही. तुम्ही दोनदा स्वतःहून मिरजेला गेलात हे आक्कानं कळवलं, दोन्ही वेळा विट्याला उतरून चाचांना बरोबर घेऊन. शेवटी काविळीनं गाठलं. चाचा म्हणतात, शेवटपर्यंत थट्टा सुटली नव्हती तुमची. नर्सला म्हणालात, "माझा रंग बघा, खंडोबानं भंडारा लावायचा राहिला होता तो आतून लावला." आक्कानं हे मंगलकडून पत्रात लिहवून घेतलंय. तुमच्या नऊ वर्षांच्या लेकीनं, तुमच्यासारख्याच तिरक्या अक्षरात. वाचून मी हसलो आणि मग पत्र घेऊन मागच्या अंगणात जाऊन बसलो.

पुढचंही त्याच पत्रात आहे. तुम्हाला गावात आणलं तेव्हा कुणीतरी म्हणालं, देवाची शपथ मोडली, देवानं नेलं. तेव्हा चाचा तिरडीशेजारी उभे राहून म्हणाले, "ह्या माणसानं शपथ पाळली हुती. मी तवाबी सांगितलं, आजबी सांगतो." नाना म्हणाले, "सख्खा मेव्हणा सांगून गेलाय, तुमी कोण?" त्या दिवसापासून नानांच्या वरच्या आळीत चाचांना कुणी भांडं देत नाही. देवाच्या कामात तोंड घातलं म्हणून. ते येतात, पिंपळाखाली भट्टी मांडतात, हाक देतात. आक्का आपली दोन पातेली नेऊन देते. परवा तर कल्हई असलेलंच पातेलं घेऊन गेली. चाचांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि पुन्हा उजळून दिलं.

माझ्या एका खोट्या शब्दावर तुमचं कपाळ कोरं राहिलं आणि आता एका भल्या माणसाची भट्टी थंड पडलीय. मला भीती वाटते, दाजी. मी बोललो तर गाव आक्काला काय म्हणेल, नाना काय म्हणतील, मंगलला शाळेत कोण काय बोलेल, हे सगळं मी दिवसातून दहा वेळा मनात घोळवतो. इथं कागदावर लिहिलं ते सोपं होतं. तोंडानं सांगायचं बाकी आहे.

शेठकडं सुट्टी मागितलीय. खंडोबाच्या यात्रेला येतो. सगळं गाव देवळात असेल तेव्हा उभा राहून सांगेन की त्या बुधवारी मास्तरांच्या तोंडाला वास नव्हता, मी खोटं बोललो, आणि चाचा खरं बोलले. आवाज कापेल, कापू दे. त्यानंतर चाचांचा भाता माझ्या खांद्यावर घेऊन त्यांच्या पुढं वरच्या आळीत जाईन, आणि दारोदारी हाक मीच मारेन. नानांचं दार पहिलं. तुमच्यासाठी चाचांनी जे केलं ते फेडायला मला दुसरं काही सुचत नाही. त्या दिवशी कुणी भांडं दिलं तर दिलं. नाही दिलं, तर पुढच्या यात्रेला पुन्हा येईन.